शेंगाचटणी आणि वजनकाटा

ताई, तुमची भाची जर्मनीत गेल्यापासून घासन्घास मोजून खाते, जिम चुकली की रडते, हे वाचलं. जर्मनीतल्याच आखन शहरात पहिल्या वर्षी माझंही तेच झालं होतं. सोलापूरहून नेलेली शेंगाचटणी कपाटात बंद! १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी, हा आकडा डोक्यातून जाईचना. त्यातच २५ ग्रॅम प्रथिनंही असतात, ते सोयीस्कर विसरले होते.

एका रविवारी आईनं फोनवर विचारलं, "कडक भाकरी मऊ तर नाही ना पडली गं?" तिला भाकरीची काळजी, माझी नाही! हसत डबा उघडला. भाकरी चुरली, वर दही, चटणी, कच्चा कांदा. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

लगेच सगळं सुटलं असं नाही. वजनकाटा मैत्रिणीच्या खोलीत ठेवला, विद्यापीठाच्या खेळवर्गात बॅडमिंटन सुरू केलं. विद्यार्थ्यांसाठीच्या मोफत समुपदेशनालाही गेले. खरा फरक तिथे पडला. भाचीला चक्कर येत असेल किंवा पाळी चुकत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. आणि घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर "बारीक झालीस", "सुटलीस" म्हणणं कृपया बंद करा. आमच्याकडे मावशी अजून ऐकत नाही.