शब्दचर्चा : सिरिअल पोर्टचा 'रॉ' मोड कच्चा म्हणावा का?

शब्दवेडी : वजनकाट्याच्या पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. लिनक्सवर काटा जोडताना सिरिअल पोर्ट (एकामागून एक बिट आणणारी जोडणी) 'रॉ' ठेवा, म्हणजे आलेलं न बदलता प्रोग्रामला मिळेल; 'कुक्ड' नको, त्यात वाटेत प्रक्रिया होते, असं मुळात आहे. मी 'कच्चा' आणि 'शिजलेला' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'शिजलेला' खोडून 'संस्कारित' केलं. काय ठेवू?

निरुक्त : 'संस्कारित' कशाला? कच्च्याची जोडी पक्क्याशी. 'पक्का' आला 'पक्व'वरून, आणि त्याचा धातू 'पच्', म्हणजे शिजवणे. 'कुक्ड'ला इतका नेमका शब्द दुसरा नाही.

तारजोडणी : व्युत्पत्ती मान्य, पण वाचणारा 'पक्का' म्हणजे कायमचा समजेल. यूएसबी केबल काढून परत लावली की सेटिंग पुन्हा मूळपदावर : ९६०० बॉड (वेगाचं एकक), ओळीचा म्हणजे कुक्ड मोड, इको (आलेलं परत पाठवणं) चालू.

'कच्चा'ही दिशाभूल करतो. कच्चं टिपण म्हणजे अर्धवट. रॉमध्ये तर बाइट जसाच्या तसा हाती येतो. नासधूस होते ती कुक्डमध्ये. १३ या बाइटचा (ओळ-परत) १० (नवी ओळ) होतो, १७ आणि १९ हे बाइट प्रवाह-नियंत्रणात ('पाठवणं सुरू करा', 'थांबवा' हे इशारे समजून) गडप होतात, ओळ संपेपर्यंत प्रोग्रामला काहीच मिळत नाही. काही काटे वजनाच्या शेवटी ३ हा बाइट पाठवतात. कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला कंट्रोल-सी, म्हणजे प्रोग्राम थांबवायची खूण समजतो, आणि तोवर साठलेलं वजनही पुसून टाकतो. मी 'जसाच्या तसा' लिहीन.

निरुक्त : ती संज्ञा नव्हे, वर्णन झालं. 'कच्चा माल' काय अर्धवट असतो?

मायबोली : 'इको' तरी का ठेवायचा? 'प्रतिध्वनी' आहे की.

तारजोडणी : प्रतिध्वनी आपोआप उमटतो, इको चालू-बंद करता येतो. शिवाय इथे काट्याकडून आलेलं संगणक काट्यालाच परत पाठवतो. काटा ती आज्ञा समजून 'चूक' असं उत्तर देतो, तेही परत जातं, की फेरा सुरू. पोर्टची सेटिंग बदलणारी 'एसटीटीवाय रॉ' ही आज्ञा नुसती दिल्याने इको बंद होत नाही. 'उणे इको' वेगळं द्यावं लागतं. पुस्तिकेत ते आहे का बघा.

शब्दवेडी : नाही, फक्त 'रॉ' आहे. टीप घालते.

निरुक्त : टिपेत 'पडसाद' वापरा. 'प्रतिशब्द'वरून घडलेला खास मराठी शब्द.

मायबोली : पडसाद सभेचे उमटतात हो, तारेवर कुठले? आणि 'बॉड' तसाच राहिला.

तारजोडणी : तो राहणारच. एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्याचं नाव आहे ते.

मायबोली : मग 'बोदो' लिहा!