मदत हवी आहे: लास वेगासमध्ये जुगाराशिवाय तीन दिवस

डिसेंबरमध्ये आईबाबांसह लास वेगासला जाणार असून कॅसिनोत कोणालाच रस नाही (बाबांची मजल दिवाळीतल्या तीनपत्तीपर्यंतच). जुन्या हॉटेलांच्या गंजलेल्या, बल्ब निखळलेल्या पाट्या जपणाऱ्या निऑन म्युझियमची संध्याकाळची तिकिटे काढली आहेत. १९३३ च्या न्यायालयाच्या इमारतीतले, संघटित गुन्हेगारीचा इतिहास मांडणारे मॉब म्युझियमही ठरले आहे. अडचण शहराबाहेरच्या, लाल खडकांच्या रेड रॉक कॅनियनची आहे. तिथल्या सुमारे २१ किलोमीटरच्या रस्त्यावर स्वतःच्या गाडीने जायचे तर ऑक्टोबर ते मे या काळात वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि आमच्यापैकी कोणी तिथे गाडी चालवणार नाही. शहरातली ड्यूस ही सार्वजनिक बस तिकडे जात नाही. टॅक्सीने गेल्यास परतीची गाडी मिळेल याची खात्री वाटत नाही. आईचे गुडघे दुखत असल्याने चढण टाळून, अर्ध्या दिवसात ते लाल खडक दाखवून परत आणणारी सहल कोणी केली आहे का, आणि तिच्या दरात प्रवेशशुल्क धरलेले होते का?