अनुभव धागा: ऑक्टोबरची सुट्टी आणि ब्रिटनमधलं समुद्राजवळचं कॉटेज

ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या बहुतेक शाळांना आठवडाभर सुट्टी असते. आमचं घर गेली सहा वर्षं त्या आठवड्यात समुद्राजवळच्या कुठल्यातरी खेड्यात असतं. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली, शेतं नांगरलेली, घड्याळं मागे गेली की साडेचारच्या सुमारास सूर्यास्त. माझं मत पक्कं झालंय: या दिवसांत आधी भरती-ओहोटी आणि उजेड बघावा, मग काय बघायचं ते ठरवावं. तुमचेही अनुभव लिहा. सुरुवात मी करते.

नॉर्थ नॉरफोक, सासूबाईंसोबत

सासूबाई मूळच्या देवगडच्या. कॉटेजच्या स्वयंपाकघरात भरतीच्या वेळांची पुस्तिका खिळ्याला अडकवलेली होती. चष्मा लावून त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "आज तिथी काय?"

त्यांच्याकडचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती. इथे तो जुळेना, कारण या किनाऱ्यावर अमावास्येची भरती बाराला नसते, सकाळी सातच्या सुमारास असते. त्या जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग सातात मिळवायचं. आठ पाऊण सहा. अष्टमीला दुपारी एक." पुस्तिकेत बघितलं तर फरक अर्ध्या तासाच्या आतला! भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, ते इथेही तसंच आणि देवगडलाही तसंच.

हा नुसता गमतीचा हिशेब नव्हता. ब्लेकनी पॉइंटवरचे सील बघायला मॉर्स्टनहून बोटी सुटतात, पण ओहोटीला तिथली खाडी चिखल होऊन पडते, म्हणून बोटी भरतीच्या वेळेनेच निघतात. सासूबाईंना सकाळची थंडी सोसत नाही. म्हणून त्यांनीच अष्टमीचा दिवस काढून दिला आणि आम्ही दुपारच्या उन्हात गेलो.

करड्या सीलची इंग्लंडमधली सगळ्यात मोठी वसाहत ही. पिल्लं ऑक्टोबरच्या अखेरीपासून जन्मायला लागतात, ते जानेवारीपर्यंत. वाळूवर एकच पिल्लू दिसलं. पांढरं, ओलसर, दोन मापं मोठं कातडं घातल्यासारखं. आई जेमतेम अठरा दिवस पाजते, तेवढ्यात पिल्लाचं वजन तिपटीच्या आसपास जातं, मग ती समुद्रात निघून जाते. बोटवाल्याने हे सांगितल्यावर सासूबाईंनी मुलांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. "बाळंतीण आहे. ओरडू नका."

नॉर्थम्बरलंड, होली आयलंड

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. होली आयलंड, म्हणजेच लिंडिसफार्न बेटाचा गाड्यांचा रस्ता १९५४ सालचा. दिवसातून दोनदा तो पाण्याखाली जातो, आणि मध्येच अडकलेल्यांसाठी खांबांवर उभी केलेली एक पांढरी खोपटी आहे. आम्ही मुद्दाम बेटावरचंच घर घेतलं होतं. आई गेल्यानंतरची बाबांची पहिली सहल.

सुरक्षित वेळ संपायच्या आत दिवसभराची माणसं भराभर निघून गेली आणि बेट एकदम रिकामं झालं. आम्ही किनाऱ्यालगतच्या टेकाडावर उभे होतो. समोरच्या वाळूच्या पट्ट्यावरून सीलचा आवाज येऊ लागला. लांबलेला, घुमणारा, जवळजवळ माणसाचा. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. "कोणीतरी लांबून हाक मारतंय," म्हणाले.

रस्ता रात्रीपर्यंत बंद होता. कुठे जायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. त्या रात्री ते आईबद्दल बोलले. आजारपणाबद्दल नव्हे, लग्नाच्या आधीच्या आईबद्दल. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

जिन्याबद्दल, ज्यांच्यासोबत वडीलधारी आहेत त्यांच्यासाठी

आमचा अनुभव चांगला नाही. फोटो सुंदर होते, पण न्हाणीघर खाली, झोपायच्या खोल्या वर, मधला जिना शिडीसारखा उभा आणि कठडा एकाच बाजूला. आईने सहाही रात्री खालच्या सोफ्यावर काढल्या आणि एकदाही तक्रार केली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. जुन्या घरांत जिने असेच असतात. म्हणून बुकिंगच्या आधी फोन करून स्पष्ट विचारा: खाली झोपायची खोली आहे का, न्हाणीघर कुठल्या मजल्यावर आहे, रात्री हीटिंग चालू ठेवता येतं का.

शेगडीची लाकडं

पेम्ब्रुकशायरला पहिल्याच संध्याकाळी खोलीभर धूर झाला. दोष शेगडीचा नव्हता, लाकडं ओली होती. शेजारच्या शेतकरी बाईंनी येऊन दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. कोरडी लाकडं टणटण वाजतात, ओली नुसती थप्प. इंग्लंडमध्ये २०२१ पासून लहान प्रमाणात विकायच्या सरपणात ओलावा वीस टक्क्यांच्या वर चालत नाही. हे गाव वेल्समधलं, तिथे तो नियम नाही, म्हणून हातात घेऊन बघावंच. आणि जाड ओंडके खाली, बारीक काटक्या वर, जाळ वरून लावायचा. आपल्या चुलीच्या अगदी उलट, पण धूर कमी होतो. माझा सात वर्षांचा मुलगा आता प्रत्येक लाकूड आधी वाजवून बघतो.

त्याच वाटेवर

पेम्ब्रुकशायरचा विषय निघालाच आहे तर: किनाऱ्याची पायवाट १९७० साली खुली झाली, १८६ मैलांची आहे. आम्ही चार दिवसांत त्यातले जेमतेम नऊ मैल चाललो. दोन दिवस वाऱ्याने दार उघडू दिलं नाही. पत्ते खेळलो, झोपलो. दहावीतली लेक फोन बाजूला ठेवून माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली, तीन वर्षांनी.

नॉरफोकवाल्या ताईंना एक प्रश्न

पुढच्या वर्षी दुपारची बोट मिळेल असा दिवस कसा काढायचा?

उत्तर

सासूबाईंना विचारलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं. म्हणाल्या, अष्टमीच्या आगेमागे भांग असते, पाणी फार चढत नाही, तेव्हा बोटवाल्याला आधी विचारून घ्या. तिथी काढून देतात, फक्त सुट्टीचा आठवडा कळवा.