अरिका बंदर चालतं बोलिव्हियाच्या मालावर, मग बोलिव्हियाला समुद्र का मिळू नये?

घाटमाथा:
चिलीच्या पार उत्तर टोकाला अरिका आहे. पेरूची हद्द तिथून जेमतेम वीस किलोमीटर. धक्क्यावर उतरणारा बहुतांश माल चिलीचा नसतोच, तो बोलिव्हियाचा असतो. तिथून ट्रक अँडीज चढून चुंगाराच्या खिंडीतून बोलिव्हियाचं सरकार जिथे बसतं त्या ला पाझकडे जातात. हे आजचं नाही. स्पॅनिश राजवटीत आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणीतली चांदी याच किनाऱ्यावर उतरायची. 1825 मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला, पण त्याचं हे नैसर्गिक दार पेरूकडे राहिलं. 1879 च्या युद्धात चिलीने बोलिव्हियाचा अंतोफागास्ताचा किनारा घेतला आणि पुढच्याच वर्षी पेरूकडून अरिकाही. तेव्हापासून बोलिव्हियाला समुद्र नाही. माझं स्पष्ट मत आहे की चिलीने अरिकाच्या उत्तरेला एक चिंचोळी पट्टी बोलिव्हियाला द्यावी. ज्याच्या मालावर बंदर जगतं, त्याला स्वतःच्या झेंड्याखाली एक धक्का मिळू नये, हे मला पटत नाही.

कागदपत्री:
घाटमाथा, भावना समजते, पण तुमच्या मांडणीत दोन वेगळ्या जखमा एक झाल्यात. बोलिव्हियाने गमावलं ते अंतोफागास्ता. अरिका त्याचं कधीच नव्हतं. 7 जून 1880 ला अरिकाच्या मोरो कड्यावर लढून मेले ते पेरूचे सैनिक. बोलिव्हियाची फौज त्याआधीच, अरिकाच्या उत्तरेला पेरूतल्या ताक्नाच्या पराभवानंतर, युद्धातून बाहेर पडली होती. म्हणजे तुम्ही मागताय ती पट्टी मुळात पेरूची.

आणि पेरूने ती वाट कागदावर बंद करून ठेवली आहे. चिली आणि पेरूच्या 1883 च्या अंकोन तहात ठरलं होतं की ताक्ना आणि अरिका दहा वर्षं चिलीकडे राहतील, मग लोकांचं मत घ्यायचं. ते मतदान कधी झालंच नाही. शेवटी 1929 मध्ये ताक्ना पेरूला आणि अरिका चिलीला, अशी वाटणी झाली. त्याच वेळच्या पूरक करारात कलम आहे: दोघांपैकी कोणीही या प्रदेशातला तुकडा दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशाला द्यायचा नाही. चिलीच्या मनात आलं तरी एकट्याने देता येत नाही.

घाटमाथा:
अरिका बोलिव्हियाचं नव्हतं, हे मान्य. माझं वाक्य ढिलं होतं. पण देणं अशक्य आहे हे मान्य नाही. 1975 मध्ये चिलीनेच हा प्रस्ताव विचारात घेतला होता. सीमेवरच्या चारान्याच्या रेल्वे स्टेशनात चिलीचे लष्करी राज्यकर्ते पिनोशे आणि बोलिव्हियाचे बान्सेर भेटले, आणि अरिकाच्या उत्तरेच्या पट्टीवरच बोलणी झाली.

कागदपत्री:
आणि ती का मोडली? चिलीला बदल्यात तेवढीच जमीन हवी होती. पेरूला विचारलं तेव्हा त्याने 1976 मध्ये वेगळाच तोडगा ठेवला: किनाऱ्यालगतच्या भागावर तिन्ही देशांची सामायिक सत्ता. चिलीने तो नाकारला. 1978 मध्ये बोलिव्हियाने राजनैतिक संबंधच तोडले. पुढे बोलिव्हिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 1 ऑक्टोबर 2018 ला 12 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला की वाटाघाटी करण्याचं कायदेशीर बंधन चिलीवर नाही.

गोदीकर:
मी बरीच वर्षं मुंबईत ट्रान्झिट मालाचं काम केलं. तुमचं सगळं सार्वभौमत्वावर चाललंय. माल पाठवणारा आधी विचारतो की माझा कंटेनर किती दिवस पडून राहील आणि भाडं किती लागेल. चिलीशी झालेल्या 1904 च्या तहाने बोलिव्हियाला कायमची मुक्त वाहतूक दिली आहे, बंदरात स्वतःचं सीमाशुल्क कार्यालय ठेवायचा हक्क दिला आहे. त्याच तहाप्रमाणे चिलीने अरिका ते ला पाझ रेल्वे बांधली, ती 1913 मध्ये सुरू झाली. बोलिव्हियाचा आयात माल बंदरात वर्षभर बिनभाड्याने ठेवता येतो. नेपाळचा माल कोलकाता-हल्दियातून जातो, त्यांना अशी सवलत मिळाली तर ते आनंदाने घेतील.

तिसरी बाजू:
गोदीकर काका, कागदावर सवलत आहे, पण तीच रेल्वे 2005 नंतर अनेक वर्षं बंद होती. चार हजार मीटरवरून सगळा भार ट्रकांवर आला. खिंडीत बर्फ पडला किंवा सीमेवर संप झाला की रांगा लागतात. 2004 पासून बंदर खाजगी कंपनीकडे आहे आणि दरांवरून बोलिव्हिया सतत तक्रार करतो. मुक्त वाहतुकीचा हक्क दुसऱ्याच्या घरात वापरायचा असेल तर घरमालकाच्या मर्जीचा प्रश्न राहतोच. तुम्ही नेपाळचं नाव घेतलंत. 2015 च्या नाकाबंदीत सीमेवर नेपाळची काय अवस्था झाली, तेही आठवा.

गोदीकर:
आठवतं. तो मुद्दा बरोबर आहे, तुमचा तक्रारीचा भाग मी हलक्यात घेतला. पण पट्टी दिल्याने खिंडीतला बर्फ वितळत नाही आणि रेल्वेही सुधारत नाही. शिवाय पेरूने 1992 मध्येच इलोजवळ बोलिव्हियाला पाच किलोमीटर किनारा 99 वर्षांसाठी दिला. तिथे मोठं बंदर उभं राहिलं नाही, कारण रस्ता, धक्का, गोदामं यासाठी पैसा लागतो.

अरिकाप्रेमी:
इतक्या चर्चेत अरिकातल्या माणसांबद्दल कोणी बोललंच नाही. पाऊस जवळजवळ न पडणारं शहर, शेती म्हणाल तर जवळचं असापाचं खोरं. 1953 मध्ये मुक्त बंदराचा दर्जा मिळाला तेव्हा तिथे कारखाने आले, शहर वाढलं. 1975 मध्ये दक्षिणेकडच्या इकिके शहराला मुक्त व्यापार क्षेत्र दिलं आणि तो बहर ओसरला. आज बोलिव्हियाचा माल हाच मोठा आधार. उत्तरेला बोलिव्हियाचं वेगळं बंदर झालं, तर अरिकाच्या धक्क्यावर काम करणाऱ्यांनी कुठे जायचं? त्यांच्या आजोबांना 1929 मध्ये कोणी विचारलं नाही. आताही ला पाझ, सांतियागो आणि लिमा, म्हणजे बोलिव्हिया, चिली आणि पेरूची सरकारं, यांच्यातच ठरणार का?

घाटमाथा:
हा प्रश्न मी धाग्याच्या सुरुवातीलाच मांडायला हवा होता. मतदान राहून गेलं याचा राग मला त्यांच्याच वतीने येतो, म्हणून पट्टी देताना अरिकातल्या लोकांचं मत घेणं ही माझी पहिली अट. पट्टीची मागणी मात्र मी सोडत नाही. बोलिव्हियात दर 23 मार्चला शाळेतली मुलं समुद्रासाठी रस्त्यावर उतरतात, आणि त्यांना गोदामभाड्याची सवलत पुरेशी आहे असं मी सांगू शकत नाही.

कागदपत्री:
मग अट एक नाही, दोन. दुसरी पेरूची संमती. ती मिळवायला बोलिव्हियाने लिमाशी बोलणं आधी सुरू करावं, सांतियागोशी नंतर.