मदत हवी आहे: पहाटे पीएम २.५ चा आकडा पीएम १० च्या वर जातोय

ठाणे खाडीजवळच्या हवा निरीक्षण केंद्राची देखभाल करतो. पावसाळा लागल्यापासून पहाटे पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) चं रीडिंग पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे) पेक्षा जास्त येतं. पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग, म्हणजे असं व्हायला नको. दुपारी सगळं ठीक. दोन्हींची मशीन वेगळी, फिल्टर टेपवर साचलेली धूळ बीटा किरणांनी मोजणारी. लीक टेस्ट झाली, फ्लो मिनिटाला १६.७ लिटर बरोबर आहे, नोझल आणि सायक्लोन (मोठे कण वेगळे करणारा भाग) साफ केले, टेप नवी. आत येणारी हवा कोरडी करणारा हीटर चालू आहे, तरी टेपवरचा डाग ओलसर दिसतो. सर्व्हिसवाले ‘मॉइश्चर आहे’ म्हणतात, तेवढं आम्हालाही दिसतंय!

माझा संशय एसीवर, त्याचा झोत थेट इनलेटच्या (हवा आत घेणाऱ्या) नळीवर येतो, त्याने नळी गार पडून आत पाणी धरत असावं. पण त्याच केबिनमध्ये ओझोनचा अ‍ॅनालायझर असल्याने तापमान वाढवता येत नाही. डेटा लाइव्ह जातो, त्यामुळे केंद्र फार वेळ बंदही ठेवता येत नाही.

नळीला फोम गुंडाळून भागेल, की हीटरचा आर्द्रतेचा सेटपॉइंट ३५ टक्क्यांखाली आणावा? आणि तो बदलला तर झीरो टेस्ट (धूळ नसलेल्या हवेवर मशीन शून्य दाखवतं का, ती तपासणी) पुन्हा करावी लागेल का?