एडिसनच्या थंडीत अंजीर: जमिनीतले आणि कुंडीतले झाड हिवाळ्यासाठी कसे तयार करावे?

अंगणवेल
न्यूजर्सीत एडिसनला शिकागो हार्डी जातीची दोन अंजिरे आहेत. एक दक्षिणेकडच्या भिंतीपासून चार फुटांवर, जमिनीत. गेल्या हिवाळ्यात ते झाकलेले नव्हते. जमिनीवरचे सगळे वाळले, मेमध्ये बुंध्यातून दहा-बारा फुटवे आले, सहा फूट वाढले, पण फळे ऑगस्टमध्ये धरली आणि अजून हिरवीच आहेत. दुसरे दहा गॅलनच्या कुंडीत आहे, ते घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये होते. फेब्रुवारीच्या शेवटी त्याला पांढरट फुटवे आले आणि एप्रिलमध्ये बाहेर काढताच करपले.
जमिनीतले झाड नेमके कशाने आणि कधी झाकायचे? गॅरेजमध्ये पाणी किती आणि उजेड हवा का? फळे लवकर धरावीत म्हणून काय करता येईल?

मृद्गंध
जमिनीतल्या झाडाबद्दल लिहितो. तुमच्या भागात मुळे सहसा मरत नाहीत, मरतात त्या फांद्या. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०२३च्या थंडी-विभागांच्या नकाशाप्रमाणे मध्य न्यूजर्सीचा बराचसा भाग ७अ विभागात येतो, म्हणजे वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी ० ते ५ अंश फॅरनहाइट. पूर्ण झोपलेली, टणक तपकिरी फांदी १५ अंशांपर्यंत बहुधा तग धरते. शेंड्याकडची हिरवी, कोवळी फांदी २५ अंशांनाच जाते. फांद्या गेल्या की झाडाला मेमध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत अडीच ते साडेतीन महिने लागतात. तुमची फळे हिरवी राहिली ती याच हिशेबाने. दोन-तीन फूट जुने खोड वाचवले तर तीन-चार आठवडे हाताशी येतात.

झाकण्याची घाई करू नका. दोन-तीन रात्री दव हलके गोठून पाने गळू द्या. तुमच्याकडे ही वेळ साधारण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) आसपास येते. पाने असतानाच गुंडाळले तर ती आत कुजतात आणि बुरशी फांदीत उतरते. उरलेली हिरवी फळे एकूण एक तोडा, बुरशीची सुरुवात तिथूनच होते. मग फांद्या बुंध्याकडून वर सुतळीने हळूहळू आवळत एकत्र बांधा. थंडीत फांदी ठिसूळ होते, म्हणून हे काम ५० अंशांच्या दिवशी करा.

झाडाभोवती कोंबड्यांच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा, पाच फूट उंच पिंजरा उभा करा आणि त्यात सुका पालापाचोळा भरा. ओकची पाने मिळाली तर उत्तम, ती कडक असतात आणि मध्ये हवा राहते. मेपलची भिजली की थापी होऊन बसतात. बाहेरून गोणपाटाचे दोन थर, त्यावर ताडपत्री, आणि डोक्यावर बादली उपडी. तळाशी चार बोटे फट ठेवा, म्हणजे आतला दमटपणा निघून जाईल. बुंध्याभोवती तीन फूट रुंद आणि एक फूट जाड लाकडाच्या चिपांचे आच्छादन.

प्लास्टिक थेट झाडाला कधीच लावू नका. फेब्रुवारीतल्या स्वच्छ दुपारी आत उकाडा होतो, फांदीवरचे डोळे (फुटव्याच्या कळ्या) जागे होतात आणि रात्री गोठून मरतात. झाड उबदार ठेवण्यासाठी हे सगळे चाललेले नाही. ते कोरडे राहावे आणि थंडीची टोके त्याच्यापर्यंत पोचू नयेत, एवढ्यासाठी आहे.

उंदीर हा दुसरा शत्रू. पाचोळ्यात ते घर करतात आणि साल गोल कुरतडली की वरचे सगळे गेले. बुंध्याभोवती पाव इंच भोकांची लोखंडी जाळी, दोन इंच मातीत पुरून आणि दीड फूट वर, पाचोळा भरण्याआधी लावा.

कुंडीबाग
कुंडीतल्या झाडाचे गणित उलटे आहे, तिथे मुळेच नाजूक. जमिनीत त्यांना खालून ऊब मिळते, दहा गॅलनच्या कुंडीत थंडी चारी बाजूंनी आत शिरते. म्हणून पाने गळून गेल्यावर, रात्री २५ अंशांखाली जायला लागल्या की कुंडी आत घ्या. त्याआधी दव हलके गोठते त्या रात्रींनी झाड छान झोपते, तोवर कुंडी बाहेरच राहू द्या.

पांढरे फुटवे आले याचा अर्थ गॅरेज गरम होते. हवे ३० ते ४५ अंश, ५० ओलांडले की झाड जागे व्हायला लागते. घराला चिकटलेल्या भिंतीपाशी दहा अंश सहज जास्त असतात. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारा साधा थर्मामीटर कुंडीच्या मातीजवळ आठवडाभर ठेवा आणि त्याप्रमाणे जागा बदला. गॅरेज गरम वाटले तर कुंडी गॅरेजच्या आतच बाहेरच्या बाजूच्या भिंतीकडे सरकवा. २० अंशांखालची लाट आली तर त्या दोन रात्री जुनी रजई गुंडाळून पुन्हा घराच्या भिंतीकडे. खाली थर्मोकोल किंवा लाकडी फळी असावी, काँक्रीटवर थेट ठेवू नका.

उजेड अजिबात नको. पाणी महिन्यातून एकदा, अर्धा ते एक लिटर. कुंडी कडेने किंचित उचलून बघा: हलकी लागली तर पाणी, जड लागली तर अजून नाही. गॅरेजमधली झाडे थंडीपेक्षा या दोन टोकांनी जास्त मरतात. कोणी चार महिने थेंबही देत नाही आणि मुळे वाळतात, कोणी दर आठवड्याला घालतो आणि ती सडतात.

तरीही मार्चमध्ये फुटवे आलेच, तर अंधारात लांबू देऊ नका. कुंडी खिडकीशी आणा, उजेड द्या आणि मग ते हिरवे झाड म्हणून सांभाळा, ३५ अंशांखालच्या रात्री आत. बाहेर काढताना पहिले तीन-चार दिवस सावली, पुढचे चार दिवस फक्त सकाळचे ऊन, मग पूर्ण ऊन. तुमचे फुटवे एप्रिलच्या उन्हानेच करपले असावेत.

कऱ्हाकाठ
पुरंदर तालुक्यातल्या अंजिराला (२०१६चे भौगोलिक मानांकन याच अंजिराचे) थंडी झोपवत नाही, आम्ही झोपवतो. पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची, मग छाटणी, मग खत-पाणी. खट्टा बहार आणि मीठा बहार (फळाचे दोन हंगाम) दोन्ही याच पद्धतीने धरतात. मुद्दा असा की अंजिराला विश्रांती लागतेच, तुमच्याकडे ती फुकट मिळते. तिच्या आधी झाडाला वाढीची घाई लावू नका. जुलैनंतर नत्र बंद. उशिरा युरिया घातलेल्या झाडाच्या फांद्या नोव्हेंबरमध्येही हिरव्या असतात आणि पहिल्या कडाक्याला जातात.

छाटणी मार्चअखेर करा. मुख्य पीक नव्या फुटव्यावर येते, त्यामुळे छाटणीला घाबरायचे कारण नाही. फक्त गेल्या वर्षीच्या लाकडावर येणारी जुलैतली थोडी फळे जातात. शरदात मात्र गुंडाळायला अडचण येईल तेवढेच शेंडे कापा. कापलेल्या टोकापासून थंडी खाली उतरते, म्हणून दोन-चार इंच जास्त ठेवा.

लवकर फळासाठी तीन गोष्टी. दहा-बारा फुटव्यांतले पाच-सहा जाडजूड ठेवून बाकीचे मेमध्येच काढा. प्रत्येकाला पाच-सहा पाने झाली की, जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, शेंडा नखाने खुडा. वाढ थांबते आणि पानांच्या बगलेत फळे लवकर दिसतात. शिवाय झाडाला रोज आठ तास ऊन हवे, त्याला पर्याय नाही. छाटताना हातमोजे घाला. पांढरा चीक कातडीवर राहून ऊन लागले तर फोड येतात.

अंगणवेल
मनापासून आभार, तिघांचेही. थोडे अजून विचारते. आज झाडावर वीसेक हिरवी फळे आहेत आणि ऑक्टोबर लागला आहे, काही पिकतील का? शेजारचे इटालियन आजोबा झाड आडवे करून पुरतात, ते जास्त चांगले का? आणि पुण्याहून अंजिराची काडी आणता येईल?

मृद्गंध
फळे तीन गटांत वेगळी करा, ताई. वाटाण्याएवढी असतील ती आजच तोडा. बोराएवढी कडक हिरवीही तोडा, ती झाडाची ताकद खात राहतात. जी पूर्ण आकाराला आली आहेत आणि ज्यांचा डोळा (फळाच्या टोकाचे बारीक भोक) किंचित लालसर झाला आहे, तेवढ्यांच्याच डोळ्यावर काडीने ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावा. ही भूमध्य समुद्राकाठची जुनी युक्ती आहे. वेळ साधली तर आठवड्याभरात फळ मऊ होऊन मान टाकते. लवकर लावले तर फुगते पण आत बेचव राहते. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, तेव्हा मान पडेपर्यंत थांबा.

आजोबांची पद्धत उत्तम, संरक्षण सर्वांत जास्त, पण मेहनतीची. एका बाजूची मुळे कुदळीने दीड-दोन फुटांवर तोडायची, दुसऱ्या बाजूला दोन फूट खोल चर, बांधलेले झाड हळूहळू त्यात आडवे, वर फळ्या, पाचोळा, मग माती आणि पाणी वाहून जाईल असा उतार. दरवर्षी त्याच बाजूची मुळे तोडायची असतात, म्हणजे झाड बिजागरीसारखे वाकत राहते. मनगटाहून जाड खोड मोडण्याचा धोका असतो. पावसाळी हिवाळ्यात चरात पाणी साचले तर साल सडते, म्हणून चिकणमातीत मी हे सुचवणार नाही.

कऱ्हाकाठ
काडी आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर ती जप्त होते, आणि तांबेरा किंवा मोझॅक विषाणू सोबत नेण्याची जोखीम वेगळी. पुण्याचा अंजीर तुमच्या थंडीसाठी निवडलेलाही नाही. तिकडच्या जातींतूनच लवकर पिकणारी बघा.

कुंडीबाग
उघडण्याची वेळ राहिली. मार्चअखेर ताडपत्री आणि बादली काढा, एप्रिलच्या मध्यात गोणपाट आणि पाचोळा, तेही ढगाळ दिवशी. गोणपाट टाकून देऊ नका, एप्रिलअखेरपर्यंत आणि क्वचित मेच्या पहिल्या पंधरवड्यातही दव गोठते, त्या रात्री वरून टाकता येतो. फांदी वाळली असे वाटले तर साल नखाने खरवडा: खाली हिरवे दिसले तर जिवंत, तपकिरी दिसले तर हिरवे लागेपर्यंत खाली खाली खरवडत जा आणि त्याच्या वर अर्ध्या इंचावर कापा. काहीच हिरवे दिसले नाही तरी जूनच्या मध्यापर्यंत बुंधा उपटू नका.