माकडतापाच्या मोसमात मेडिकलच्या काउंटरवर काय विचारावं?

नवं_मेडिकल_बांदा
गणपतीच्या आधी बांद्याजवळ मेडिकल सुरू केलं. मी मूळचा सांगलीकडचा, माकडताप, म्हणजे गोचिडीमुळे होणारा विषाणूचा ताप, फक्त परीक्षेपुरता वाचलेला. आता जानेवारी लागला, माणसं काजूच्या बागा साफ करायला निघालीत. "ताप आहे, अंग मोडून गेलंय, जरा जोराची गोळी द्या" म्हणणारं रोज कोणीतरी येतं. अशा वेळी मी नेमकं काय करू?

दोडामार्गची_फार्मसिस्ट
भाऊ, सगळ्यात आधी हे: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. या तापात प्लेटलेट्स उतरतात, रक्तस्राव होऊ शकतो. फक्त पॅरासिटामॉल, आणि माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात.

२०१६च्या जानेवारीत आमच्या तालुक्यात केर गावात हा आजार पहिल्यांदा सापडला. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका काजूवाल्याला मी दोन दिवस अंगदुखीची गोळी दिली होती. तिसऱ्या दिवशी त्याची बायको धावत आली, हिरड्यांतून रक्त येत होतं. तो वाचला. पण ती पट्टी मी माझ्या हाताने कापून दिली होती, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून तापाची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला विचारते: गेल्या आठवड्यात रानात गेला होता का? पातेरा (वाळका पाला), लाकडं आणली? गोचीड चावली? जवळपास केलडी (माकडं) मेलेली दिसली? एकाचंही उत्तर "हो" आलं तर चिठ्ठीवर तापाचा पहिला दिवस लिहून केंद्रात पाठवते. ती तारीख लागते, कारण सुरुवातीच्या दिवसांत पीसीआरने विषाणू सापडतो, नंतर अँटीबॉडी बघावी लागते. मेलेल्या माकडाची बातमी कळली की आशाताईंना लगेच फोन. माणसाआधी माकडं मरतात, म्हणून ती बातमी मोलाची.

आणखी एक. बरा झालेला माणूस एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तापाची गोळी मागायला आला तर हलक्यात घेऊ नका. काहींना ताप उलटतो, मग डोकं भयंकर दुखतं, हात थरथरतात, माणूस बरळतो. त्याला थेट रुग्णालयात.

सत्तरीकर
आमच्याकडे गोव्यात, सत्तरीतल्या पाळी गावात २०१५मध्ये हेच झालं. रानात जाण्याआधी हातापायांना गोचीड पळवणारं तेल, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडेही गरम पाण्यात, हे गिऱ्हाइकांना सांगा. तेल आरोग्य केंद्रात मिळतं.

नवं_मेडिकल_बांदा
ताई, खूप आभार. लोक लशीचंही विचारतात. आणि घरातल्यांना लागण होते का?

दोडामार्गची_फार्मसिस्ट
माणसाकडून माणसाला होत नाही, हे ठासून सांगा. नाहीतर शेजारी त्या घरचं पाणीही घेत नाहीत. जुनी लस कमी पडली, ती आता देत नाहीत. या विषाणूवर खास औषधही नाही, म्हणून पहिल्या दोन दिवसांत आपण कोणती गोळी देतो आणि कुठे पाठवतो त्यावर बरंच ठरतं. मी चार प्रश्नांचा कागद काउंटरवर चिकटवलाय, फोटो टाकते. मुलगा दुकानात बसला तरी विचारतो.